नापासबाई आणि बावीस सेकंद

माझ्या वहिनींनी आजवर पन्नासेक हजार रेकॉर्ड ऐकल्या असतील, आणि त्यांना एकही गाणं येत नाही. येत नाही म्हणजे गुणगुणताही येत नाही. गाणं ऐकून त्यांचं बोट हललेलं मी कधी पाहिलं नाही. लोकांना वाटतं मी दिराच्या हक्कानं चेष्टा करतोय. चेष्टा करायला मला आवडतं, पण हे खरं आहे.

रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात त्या ऐकायच्या कामाला आहेत, बावीस वर्षं. खाली मोठ्या खोलीत यंत्रं चालतात. काळा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला जातो, कडा कापल्या जातात आणि तबकडी बाहेर पडते. दर शंभरातली एक वर वहिनींच्या खोलीत जाते. शिवाय नवीन साचा झाला की आधी पाच नमुने काढतात, तेही त्यांच्याकडे. खोली न्हाणीघरापेक्षा थोडी मोठी. भिंतींना आवाज शोषणारं बूच लावलेलं, एक खुर्ची, एक टेबल, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि कार्बन लावलेलं चिठ्ठ्यांचं पुस्तक. चिठ्ठीवर रकाने ठरलेले: क्रमांक, बाजू, कितवं गाणं, किती मिनिटांवर, काय खोट, पास की नापास. खोटीसाठी वहिनींचे चार शब्द आहेत. टक्, चरचर, घरघर आणि डोलणं, म्हणजे सूर वरखाली होणं. हे चारच शब्द आता सगळा कारखाना वापरतो, अगदी मालकसुद्धा.

यंत्रावरची माणसं त्यांना नापासबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं, पण वहिनींच्या कानांपासून त्या इमारतीत काय लपणार? मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाल्या, "पास काय, कोणीही करेल."

माझं दुकान आहे रेकॉर्डचंच. दोन अरुंद खोल्या, एकीत जॅझ आणि सोल, दुसरीत रेगे आणि इलेक्ट्रॉनिक. नवीन निघालेल्या आणि जुन्या पुन्हा काढलेल्या, दोन्ही. वहिनींच्या कारखान्यातला बराच माल माझ्याकडे येतो. प्रत्येक रेकॉर्डच्या कोपऱ्यात मी हातानं लिहिलेलं एक कार्ड खोचतो, चार ओळींचं. गिऱ्हाईक रेकॉर्डपेक्षा कार्ड जास्त वाचतं, त्यामुळे कार्ड लिहिताना माझा हात जरा सैल सुटतो. वहिनी वर्षातून एखाद्या वेळी दुकानात येतात, दोन कार्डं वाचतात आणि "काय काय लिहिता हो भाऊजी" एवढंच म्हणतात.

त्यांच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही, रेडिओ नाही. माझा दादा शाळेची बस चालवतो. दिवसभर चाळीस पोरांचा कल्ला ऐकून तो घरी येतो आणि वहिनी दिवसभर ठणाणा ऐकून घरी येतात, मग दोघं हळू आवाजात बोलत बसतात. इतकं शांत घर मी पाहिलेलं नाही. पाहुणे लवकर उठतात.

तरी त्या घरात रेकॉर्ड भरपूर आहेत, आणि त्याला कारण दादा. कारखान्यात नापास झालेली तबकडी पुन्हा दळतात आणि तिचाच पुढचा गोळा होतो. नमुन्याच्या तबकड्या मात्र कामगारांना महिन्याला दोन घरी न्यायला परवानगी आहे. अट एकच: नापास बाजूवर काठापासून मधल्या कागदापर्यंत टोच्यानं एक सरळ ओरखडा मारायचा, म्हणजे ती कुणी विकू नये. ओरखडा मारायचं काम वहिनींचं. दादाला वस्तू वाया गेलेली बघवत नाही, म्हणून त्या घरात कुंडीखाली रेकॉर्ड, पाण्याच्या पिंपावर रेकॉर्ड, धान्याच्या डब्यावर झाकण म्हणून रेकॉर्ड. मधल्या भोकाबद्दल बोललं की दादा म्हणतो, हवा खेळती राहते.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्या विसरलेल्या रेकॉर्ड हुडकून पुन्हा काढणारा एक माणूस आहे. एकटाच आहे, खोलीभर खोकी आणि डोक्यावर कर्ज नसलं तरी चेहरा कायम असल्यासारखा. आम्ही त्याला प्रकाशक म्हणतो. त्याला चाळीस वर्षांपूर्वीची एक जॅझची टेप मिळाली. चार वादक, एका संध्याकाळी एका बैठकीत वाजवलेलं, त्या काळी जेमतेम दोनशे प्रती निघालेल्या. टेप इतकी खंगलेली की यंत्रावर एकदाच चढली आणि उतरेपर्यंत तिचे पापुद्रे सुटले. त्या एका फेरीत जे उतरवून घेतलं ते घेतलं. त्यावरून साचा झाला, पाच नमुने निघाले आणि वहिनींच्या टेबलावर गेले.

वहिनींनी नापास केलं. बाजू दुसरी, गाणं तिसरं, एक मिनिट चाळीस सेकंदांपासून बावीस सेकंद घरघर. प्रकाशकानं कुरकुर केली, मग मान्य केलं. जुन्या यंत्राच्या विजेचा आवाज असणार असं त्याचंही मत पडलं. आवाज स्वच्छ करणाऱ्या एका माणसाकडे काम गेलं, त्यानं घरघर काढली, नवा साचा झाला, जुना वितळवला. या खेपेला वहिनींनी चिठ्ठीवर "ठीक" लिहिलं. "उत्तम" त्या लिहीत नाहीत, मग ती रेकॉर्ड कुणाचीही असो.

पाचशे प्रती निघाल्या, साठ माझ्याकडे आल्या. कार्डावर मी लिहिलं: "चाळीस वर्षांची धूळ पुसली गेली आहे. काचेसारखा आवाज. वादक तुमच्या खोलीत बसलेत असं वाटेल." दोन महिन्यांत चाळीस खपल्या. मी खूश होतो, आणि वहिनींचं नाव दोन-चार गिऱ्हाइकांपुढे घेतलंही.

सगळं होऊन वर्ष उलटून गेलं. मग एक दिवस दुपारी एक म्हातारी बाई दुकानात आल्या. पंचाहत्तरीच्या, पण ताठ. हातात कापडी पिशवी. आमच्या दुकानात त्या वयाचं माणूस आलं की बहुतेक नातवासाठी काहीतरी हवं असतं. यांनी थेट त्या रेकॉर्डचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा निघालीय असं मला आत्ता कळलं. दुसऱ्या बाजूचं तिसरं लावता का? घेणारच आहे, पण आधी ऐकू दे."

मी हेडफोन दिला आणि सुई ठेवली. त्या उभ्याच राहिल्या. दोन-अडीच मिनिटांनी म्हणाल्या, "परत लावा." परत लावलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा मी स्टूल पुढे केलं, पण त्या बसल्या नाहीत. मग हेडफोन काढला आणि नीट खुंटीला अडकवला.

"तो नाहीये यात," त्या म्हणाल्या.

"कोण, काकू?"

"आमचे हे. बेस वाजवायचे."

त्यांनी पिशवीतून जुनी रेकॉर्ड काढली, त्या दोनशेतली एक. मी उजेडात धरली. पहिली बाजू कोरी करकरीत, दुसरीही तशीच. फक्त तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर काडीएवढ्या रुंदीचा एक राखाडी पट्टा, वाटोळा, सुई फिरून फिरून झिजलेला. वाजवून पाहिलं तर त्या जागी नुसती खरखर.

नवरा दिवसा वजनकाटे दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी माणसाएवढ्या उंच उभ्या बेसवर तारा ओढायचा. बोलणं मोजकं. कधी गायला नाही. फक्त कामात गढला की घशातल्या घशात गुणगुणायचा, काटा उघडून बसला की तेच आणि बेस वाजवतानाही तेच. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. "फोटो चार आहेत," त्या म्हणाल्या, "आवाज एवढाच होता. एवढ्यासाठीच लावायची मी ही रेकॉर्ड. मग झिजली. म्हटलं नवीन निघालीय तर त्यात असेल."

कार्ड त्यांच्या समोरच खोचलेलं होतं. वादक तुमच्या खोलीत बसलेत असं वाटेल. मी ते काढून खिशात घातलं आणि त्यांचा फोन नंबर घेतला.

संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी सांगायला लागलो, गाणं कोणतं एवढंच म्हणालो, आणि त्यांनीच पुढचं म्हटलं, "एक चाळीस ते दोन दोन." हातातला सदरा तसाच राहिला. मी सगळं सांगितलं. मग आत गेल्या आणि त्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून त्या चिठ्ठीची कार्बन प्रत आणली आणि माझ्यापुढे ठेवली. खोटीच्या रकान्यात आधी "माणूस?" असं लिहिलेलं होतं. त्यावर काट मारून खाली "घरघर".

"मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "पण प्रश्न लिहायला रकाना नाही ना. पास नाहीतर नापास. मग मी माणूस खोडला." मग म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय, भाऊजी." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी उठून चहा ठेवला.

प्रकाशकाला फोन केला. जुन्या दोनशेतली प्रत त्याला कधी मिळालीच नव्हती, आणि टेपवरून उतरवलेली कच्ची प्रत त्यानं थेट आवाज स्वच्छ करणाऱ्याकडे दिली होती. टेप आता यंत्रावर चढणार नाही, चढली तर भुगा. आवाज स्वच्छ करणारा म्हणाला, कच्ची प्रत मी एक वर्ष ठेवतो, बिलाखाली छापलेलंच असतं, आणि वर्ष होऊन तीन महिने झाले. त्यात त्याची चूक नव्हती. चूक कुणाची म्हणावी असा तो प्रकारच नव्हता, पण वहिनींना त्याचा उपयोग नव्हता. त्यांनी ती स्वतःच्या नावावर घेतली होती आणि त्यात वाटेकरी नको होता.

रात्री त्यांच्या घरी मी हे सगळं सांगत होतो आणि दादा जेवता जेवता ऐकत होता. बस चालवणारा माणूस, मध्ये बोलायची सवय नाही. ताट सारून म्हणाला, "ते पाच नमुने म्हणतेस, त्यातला एक घरी आणला होतास ना?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. पुढची वीस मिनिटं आम्ही तिघं त्या घरातली झाकणं काढत हिंडलो. एकूण एकोणीस निघाली. नमुन्यावर नाव नसतं, पांढरा कोरा कागद असतो, आणि तोही धुऊन धुऊन उडालेला. पण कागदालगतच्या गुळगुळीत पट्टीवर साच्याचा क्रमांक बारीक कोरलेला असतो, आणि वहिनींना तो क्रमांक पाठ होता. पिंपावरची नाही. कुंड्यांखालच्या आठही नाहीत. सतरावी सापडली, पिठाच्या डब्यावर. पहिली बाजू पिठाकडे, रेषांमध्ये पांढरं बसलेलं. दुसरी बाजू वर. ती सपाट होती, तेलकट होती आणि काठापासून मध्यापर्यंत सरळ ओरखडा होता.

"ओरखडा हलका आहे," मी म्हणालो.

"मी मारलाय. हलका नाहीये," वहिनी म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी दुकान बंद ठेवलं आणि काकूंना बोलावलं. वहिनी दोन तास आधीच आल्या होत्या. त्यांनी कोमट पाणी, मऊ ब्रश आणि दोन थेंब साबण घेऊन ती तबकडी न्हाऊ घातली, पुसली, वाळवली, परत न्हाऊ घातली. मला हात लावू दिला नाही. सुईचं वजन माझ्या दुकानातल्या यंत्रावर स्वतः मोजून लावलं आणि माझं आधीचं वजन जास्त होतं हेही सांगितलं.

काकू आल्या. मी ओळख करून दिली, ह्या माझ्या वहिनी. पुढचं मी बोलणार होतो, पण वहिनीच म्हणाल्या, "तो आवाज मीच काढायला लावला. मला वाटलं खोट आहे."

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्यालाही खोटच वाटायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इतका लाजला होता. काढून टाका म्हणून मागे लागलेला. परत वाजवायला पैसे नव्हते म्हणून राहिलं." आणि या वेळी त्या स्टुलावर बसल्या. "त्याच्या मनासारखं केलंत तुम्ही."

वहिनींनी सुई ठेवली. पहिल्या फेऱ्यापासून टक्. ही तबकडी मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर थोडं फिरते, आणि प्रत्येक फेऱ्याला ओरखडा एकदा सुईखाली येतो. टक्, टक्, टक्, गाण्याच्या तालाशी काही संबंध नसलेलं. मी वहिनींकडे पाहिलं. प्रत्येक टक्ला त्यांच्या डोळ्याची कड हलत होती. एक मिनिट चाळीस झालं. बेसच्या खाली, एका बाजूला, बंद ओठांच्या आतून एक जाडसर, बेसूर, मन लावून केलेली गुणगुण सुरू झाली. एकदा कळलं की तो माणूस आहे हे न कळणं शक्यच नव्हतं. बावीस सेकंद. मग तो थांबला आणि गाणं पुढे गेलं.

काकूंनी परत लावा म्हटलं नाही. त्या नुसत्या बसून होत्या, आणि रडत होत्या, पण फार नाही.

वहिनींनी सुई उचलली. "टक् टक् फार येतं का हो मध्ये?" त्यांनी विचारलं. मी त्यांना कुणाला असं भीत भीत विचारताना पाहिलं नव्हतं.

"कसलं?" काकू म्हणाल्या.

"ओरखड्याचं."

"आलं असेल. मी त्याच्याकडे होते."

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, आवाज स्वच्छ करणाऱ्याकडे देऊ, टक् काढणं त्याच्या डाव्या हातचा मळ आहे. वहिनी माझ्यावर जवळजवळ खेकसल्या, "आता त्यातलं काही काढायचं नाही." मग मी फक्त एक प्रत संगणकात उतरवून घेतली आणि काकूंच्या फोनवर टाकून दिली. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की फोनमधून तो येत नाही. बरोबर आहे, एवढा खालचा आवाज फोनच्या त्या चिमुकल्या जाळीतून यायचा कसा? त्यांना तबकडीच हवी होती.

आणि तबकडी पुन्हा झिजणार होती. वहिनी त्यांच्या घरी जाऊन त्यांचं जुनं यंत्र बघून आल्या आणि दोन दिवस धुसफुसत होत्या. सुई बोथट, हात जड, नांगर फिरवल्यासारखं वाजत होतं म्हणे. नवी सुई त्यांनी स्वतः बसवली. तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी त्या काकूंकडे जातात, ब्रश आणि सुईचं वजन मोजायचा छोटा काटा घेऊन. काकूंनी तो काटा पहिल्या खेपेला हातात घेऊन, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, थोडा डावीकडे ओढतोय. वहिनींनी तपासला. ओढत होता.

तबकडी दोघींनी मिळून महिन्यातून एकदाच लावायची असं ठरलंय. एरवी काकू लावत नाहीत, निदान तसं सांगतात. कारखान्यातही थोडा बदल झालाय. वहिनी आता कधीकधी चिठ्ठीवर रकान्याबाहेर प्रश्न लिहितात आणि उत्तर येईपर्यंत तबकडी पासही करत नाहीत आणि नापासही. छपाई खोळंबते, मालक चिडतात. नाव मात्र नापासबाईच राहिलंय.

सुरुवातीला तिकडून परतताना त्या दुकानावरून जायच्या आणि मी विचारायचो, कशी होती? त्या सांगायच्या, "बारा टक्." बावीस सेकंदांत बारा. दर महिन्याला तेच उत्तर. मी गमतीत म्हणायचो, वहिनी, एखादा कमी नाही का होत? तर म्हणायच्या, कसा होईल, मीच मारलाय.

गेल्या रविवारी त्या आल्या, ब्रशची पिशवी काउंटरवर ठेवली आणि नेहमीसारखं पाणी मागितलं. मी विचारलं, "किती?"

त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"आज मोजायचं राहून गेलं," वहिनी म्हणाल्या.